पाटी बदललेले फोटो

९ जानेवारी

वन्सं,

मानाचे नमस्कार तुमच्या भावाकडून. ते माझ्या खांद्यावरून वाचताहेत. माझ्याकडून नुसतं प्रेम आणि एक तक्रार.

पेनड्राइव्ह मिळाला. पाकीट फोडायच्या आधी ह्यांनी दाढी केली, केस विंचरले, शर्ट बदलला आणि मग संगणकासमोर बसले. जणू काही फोटोच ह्यांना बघणार होते. मी मशीन थांबवून शेजारी स्टूल ओढलं. उघडून बघतो तर नुसती पांढऱ्या कोऱ्या कागदांची रांग! एकावर क्लिक केलं तर संगणक मलाच विचारतो, हे कशात उघडू? ते मला ठाऊक असतं तर तुझ्या दारात कशाला आले असते बाबा?

आमचा संगणक म्हातारा आहे, कबूल. पण त्याच्यावाचून माझं भरतकामाचं मशीन जागचं हलत नाही. शाळांचे बिल्ले, डॉक्टरांच्या कोटांवरची नावं, सगळी नक्षी त्याच्याच पोटात आहे. मशीनवाल्याने बजावून ठेवलंय, ह्याला इंटरनेट लावायचं नाही, हा स्वतःला नवा करून घेईल आणि मग मशीनला ओळखही दाखवणार नाही. तेव्हा काय करायचं ते सांगा. ऑपरेशनच्या आधी तुम्ही आला होतात त्या आठवड्यात तुमचा नवा फोन तुमच्या हातात कमी आणि ह्यांच्या हातात जास्त होता. एवढे काढले, त्यातला एक तरी दिसू दे.

पाणी प्यायला आत गेलेत, तेवढ्यात लिहून घेते. मी फोन करत नाही म्हणून रागावू नका. फोन आला आणि मी बोलायला लागले की हे पायात चपला सरकवून बाहेर पडतात. घशातल्या गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागणार, हे आपण सगळ्यांनी ऐकलं, मान डोलावली, सही केली. पण ते दवाखान्यात. बसस्टँडवर काचेच्या खोलीत बसून जन्मभर गाड्या पुकारलेला माणूस, घरीसुद्धा ‘आंघोळीचं पाणी फलाट क्रमांक दोनवर लागले आहे’ म्हणून ओरडणारा. आता छोट्या पांढऱ्या फळ्यावर ‘मीठ’ एवढं लिहून दाखवतो. म्हणून पत्रच बरं. पत्र त्यांना आपल्याइतकंच येतं.

आले. पुरे करते.

तुमची,
वहिनी


१७ जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र कामावर नेलं आणि जेवायच्या सुट्टीत वाचलं. समोर टेबलावर प्लास्टरच्या बत्तिशांची रांग होती, त्याही हसत होत्या असं वाटलं. कवळ्या बनवणाऱ्या बाईला कधी नव्हे ते स्वतःचे दात दाखवायची वेळ आली.

चूक तुझ्या संगणकाची नाही. नवे फोन फोटो वेगळ्याच पद्धतीने ठेवतात म्हणे, दाबून घडी घालून, म्हणजे जागा कमी लागावी. नावाच्या शेवटी टिंबानंतर एच-ई-आय-सी असं लिहिलंय ना? ते ह्या नव्या पद्धतीचं. तुझ्या म्हाताऱ्याला ती घडी उलगडता येत नाही, एवढंच. मी इथे कोणाला तरी विचारते.

आणखी एक. तुला प्रत्येक नंबरचे दोन कागद दिसत असतील. एक हा, आणि दुसऱ्याच्या शेवटी एम-ओ-व्ही. तो दुसरा कचरा आहे, फोन आपल्या मनाने टाकतो. मी तर कधी उघडलेलाही नाही. ते सगळे पुसून टाक, म्हणजे पसारा निम्मा होईल. पण बाकीचे जपून हं! माझ्या फोनची जागा भरली म्हणून मी इथले सगळे फोटो काढून टाकलेत. आता जे काय आहे ते त्या पेनड्राइव्हवरच.

दादाला हात लावू देऊ नकोस. लहानपणी त्याने रेडिओ दुरुस्त केला होता, तेव्हापासून आमच्या घरात रेडिओ नव्हता.

दादा, हे तू वाचतोयस मला माहीत आहे. बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे जातोस का?

तुझी,
वन्सं (ह्या नावाने मी साठीची वाटते, तरी तू सोडत नाहीस)


२७ जानेवारी

टिल्लू,

रेडिओचा विषय तू काढायला नको होतास. त्याची बॅटरी संपली होती हे मी तेव्हाही सांगत होतो.

तुझ्या फोटोंचं काम मी हातात घेतलं आहे. तुझी वहिनी ऑर्डरच्या गडबडीत आहे, शाळा अंगावर बसली आहे. हे जुने फोटो आहेत ना, आपल्या सहलीचे, ते ह्याच संगणकावर उघडतात. त्यांच्या शेवटी जे-पी-जी लिहिलेलं आहे. मग विचार केला, अडचण काय आहे? गाडी उभी आहे, टाकी भरलेली आहे, नुसती पाटी चुकीची आहे. स्टँडवर मी हेच पाहत आलो. ड्रायव्हर पुढची पाटी काढतो, दुसरी लावतो, की तीच गाडी दुसऱ्या गावची. आपण तसं पुकारायचं आणि लोक चढतात.

म्हणून मी सगळ्यांच्या पाट्या बदलल्या. एकूण एक. तुझ्या त्या दुसऱ्या कागदांच्याही. एका नंबरच्या दोन गाड्या एका फलाटावर लागत नाहीत, संगणक भांडायला लागला, म्हणून नवे नंबर दिले, एक, दोन, तीन असे ओळीने. आता सगळे एकसारखे दिसतात. फार देखणी रांग झाली आहे.

उघडत मात्र अजूनही नाहीत.

बाईंकडे एकदा जाऊन आलो. तिथे एक गृहस्थ हवा गिळून बोलून दाखवत होते. मला ते जमणार नाही. प्रयत्न केला तरी मला तो आवाज नको आहे. पुन्हा विचारू नकोस.

दादा


२ फेब्रुवारी

वन्सं,

हे पत्र दुकानात बसून लिहितेय, दोऱ्याची रिळं घ्यायला आले तिथे. त्यांनी वाचू नये असं पहिल्यांदाच काही लिहितेय.

तुमच्या भावाने पाट्या बदलल्या ते कळलंच असेल. तुम्ही पुसा म्हणालात ते कागद आता कुठले आणि ठेवायचे कुठले, काही कळायला मार्ग नाही. सगळे एका वर्गातल्या मुलांसारखे, एकच गणवेश. मी कपाळावर हात मारला, तर ह्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘व्यवस्थित झालंय.’ आता ह्याच्यावर काय बोलणार? मी काहीच पुसलं नाही. पेनड्राइव्ह ह्या पत्रासोबत परत पाठवतेय. तिथे कोणी जाणतं माणूस असेल त्याला दाखवा.

बाईंकडून परत आले त्या दिवशी फळ्यावर एकच शब्द लिहिला होता, ‘बेडूक.’ मी म्हटलं, बेडूक तर बेडूक, बोला तरी. तो शब्द पुसून त्यांनी लिहिलं, ‘मी नाही.’ त्यानंतर त्या बाईंचं नाव काढलं की फळाच पालथा घालतात. डॉक्टर म्हणतात, आताच सराव केला तर जमेल, पुढे पुढे कठीण होईल. मला भीती वाटते, वन्सं. हा माणूस नुसता गप्प नाही, गप्प राहायचं ठरवून बसलाय.

आणि दुसरं. हे कोणाला सांगितलेलं नाही. मला त्यांचा आवाज आठवेनासा झालाय. शब्द आठवतात, बोलायची पद्धत आठवते, आवाज येत नाही. काम करता करता आठवायला जाते आणि तिथे काही नसतं. आमच्या लग्नाच्या कॅसेटवर सगळीकडे गाणी घातलीत. स्टँडवर रोज बोलले ते हवेत गेलं, कोण कशाला भरून ठेवेल? एवढी वर्षं कानीकपाळी ओरडणारा माणूस, आणि त्याचा एक शब्द माझ्याकडे शिल्लक नाही.

रडूबाई म्हणू नका.

वहिनी


१६ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र एकटी असशील तेव्हा वाच. खाली बसून वाच.

आमच्याकडे एक मैत्रीण आहे, दातांचे साचे संगणकावर मोजते. तिला पेनड्राइव्ह दिला. ती म्हणाली, नाव बाहेर काहीही लिहा, प्रत्येक फाईलच्या पोटात सुरुवातीलाच ती खरी कोण ते लिहिलेलं असतं. तिने एकेकीचं पोट तपासलं, पाट्या पूर्ववत केल्या. अर्धे फोटो होते. सुंदर आहेत गं. दादाला फोटो काढता येतात हे त्याने आपल्यापासून लपवून ठेवलं होतं.

मग ती म्हणाली, आणि हे बाकीचे छोटे व्हिडिओ.

मी म्हटलं, कसले व्हिडिओ? तो कचरा आहे.

वहिनी, कचरा नव्हता. माझ्या फोनमध्ये एक बटण आपोआप चालू होतं. फोटो काढला की त्याच्या किंचित आधीचं आणि किंचित नंतरचं हलतं चित्रही तो ठेवतो. आवाजासकट. मैत्रिणीने एक लावला. तू मशीनवर वाकलेली आहेस, हसायला लागलीस, आणि फोनच्या मागून कोणी म्हणालं, ‘हलू नकोस गं, हलू न...’ आणि तुटलं.

माझ्या हातातली कवळी खाली पडली. मैत्रीण म्हणाली, कोण आहेत हे, घसा बसलाय का त्यांचा? मी म्हटलं, माझा दादा आहे.

मी तुला हे सगळे पुसायला सांगितलं होतं. तू माझं ऐकणारी, एका संध्याकाळी पुसून मोकळी झाली असतीस. त्या येड्याने पाट्या बदलल्या म्हणून वाचले. त्याला हे सांगितलंस तर आयुष्यभर आपल्याला ऐकवेल. ऐकवेल असं लिहून गेले. राहू दे तसंच.

जेवढे फोटो, तेवढ्या वेळा तो आहे, वहिनी. तुझ्या म्हाताऱ्याला समजेल अशा पद्धतीत सगळे उलगडून देते म्हणाली मैत्रीण, फोटोही आणि हे व्हिडिओही. पण मी अजून पाठवत नाही. आधी तू सांग. दादाने ऐकलं तर? आधीच नवा आवाज नको म्हणतो. जुना पुन्हा कानावर पडला तर नव्याचं नावच घेणार नाही. तुला हवंय म्हणून त्याचं कायमचं नुकसान व्हायला नको, आणि त्याला जपायचं म्हणून तुझ्यापासून लपवायचं हेही मला जमणार नाही. तू म्हणशील ते.

तुझीच


२४ फेब्रुवारी

वन्सं,

पत्र वाचलं आणि दिवसभर चुकीच्या रंगात बिल्ले काढले. शाळेने परत केले. करू देत.

मला ऐकायचंय. दुसरं काही लिहिता येत नाही. त्यांना कळू देणार नाही. सकाळी ते फिरायला स्टँडपर्यंत जातात, तेवढ्या वेळात ऐकेन आणि पेनड्राइव्ह रिळांच्या डब्यात तळाशी ठेवीन. त्यांना नुसते फोटो दाखवीन. संसारात पहिल्यांदाच काही चोरून करतेय, ते पण नवऱ्याचाच आवाज.

पाठवा. लवकर पाठवा.

वहिनी


३ मार्च

वहिनी,

सोबत दोन पेनड्राइव्ह. लाल त्याचा, त्यात नुसते फोटो. निळा तुझा. मी माझ्याकडेही सगळं ठेवलंय, आता चुकून काही होणार नाही. मी फारसं ऐकलं नाही, ते तुझं आहे असं वाटलं.

जपून. म्हणजे त्याला नव्हे, तू स्वतःला जप.

तुझी,
वन्सं


१५ मार्च

वन्सं,

माझं चोरकाम पहिल्याच दिवशी पकडलं गेलं.

आदल्या दिवशी लाल पेनड्राइव्हवरचे फोटो दोघांनी बघितले. खूश होते. माझ्या एका फोटोवर बोट ठेवून फळ्यावर लिहिलं, ‘ही कोण नटी?’ दुसऱ्या सकाळी ते फिरायला गेले आणि मी निळा लावला. पहिला लागला. ‘हलू नकोस गं.’ वन्सं, हाच, हाच, असं मी मोठ्याने म्हणाले असेन. मग दुसरा लावला, तिसरा लावला. तुम्हाला वाटेल काय काय गोड बोलले असतील. काही नाही! ‘डोळे उघड.’ ‘हे कुठे दाबायचं?’ ‘दाबलं का गेलं?’ ‘अगं, हलू नकोस म्हटलं ना.’ नुसती वसवस. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि मागे वळले तर हे दारात उभे. टोपी विसरली म्हणून परत आले होते.

मी संगणकच बंद करायला धावले. त्यांनी हात धरला. मला स्टुलावरून उठवलं, स्वतः बसले, माझ्या हातातून माउस घेतला. आणि ओळीने सगळे ऐकले. एकेक, शेवटपर्यंत. मी शेजारी उभी. एकात नुसता खोकलाच आहे, तोही पूर्ण ऐकला. काही तर पुन्हा मागे जाऊन ऐकले. चेहऱ्यावर काही नाही. संपल्यावर फळा ओढला, लिहिलं, ‘किती बडबडायचो.’ पुसलं, आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

त्या दिवसापासून फळ्यावरही काही लिहीत नाहीत. मान हलवतात, एवढंच. माझ्यावर राग नाही, ताट उचलून ठेवतात, पांघरूण घालतात. स्टँडवर मात्र आता जास्तच जातात, कधी कधी दुपारचेही. काचेच्या खोलीसमोर बसून राहत असतील. तिथे आता यंत्र बोलतं.

तुम्ही म्हणाला होतात तेच झालं. माझ्या हौसेपायी मी त्यांना होतं तेही गमावायला लावलं. तो निळा पेनड्राइव्ह मी त्या दिवसापासून लावलेला नाही. आवाज मिळाला आणि माणूस आणखी लांब गेला, असं झालंय.

वहिनी


२२ मार्च

वहिनी,

पाठवायची घाई मीही केली, तेव्हा सगळा दोष एकटीने घेऊ नकोस, अर्धा इकडे दे.

दादा भिंतीकडे तोंड करून झोपतो तेव्हा तो रुसलेला नसतो गं. आई गेली तेव्हाही असाच झोपला होता, आणि उठला तो सगळ्यांची जेवणं करायलाच. तो आत काहीतरी लावत असतो. त्याला टोचू नकोस. स्टँडवर जातो तर जाऊ दे.

मला मात्र खुशालीची एक ओळ टाकत जा. नाहीतर मी रजा काढून येईन, आणि मग तुम्हा दोघांनाही माझी बडबड ऐकावी लागेल.

तुझी,
वन्सं


१९ एप्रिल

वन्सं,

एक ओळ टाकायला सांगितली होती, तीही टाकली नाही. रागावला असाल. पण लिहिण्यासारखं काही नव्हतं, आणि आता एवढं आहे की कुठून सुरुवात करू कळत नाही.

परवाची गोष्ट. दवाखान्याच्या कोटांची मोठी ऑर्डर होती, मशीन सकाळपासून चालू. मी पुढचे कोट घडी करून ठेवत होते, पाठ मशीनकडे. मागून एक आवाज आला. फाटका, खरखरीत, तुटका. मला वाटलं खालच्या दोऱ्याचं बॉबिन अडकलं. मी धावत जाऊन मशीन बंद केलं, खालचं झाकण उघडलं, बॉबिन काढून बघितलं. सगळं ठीक. पुन्हा चालू केलं. पुन्हा तोच आवाज. आता मात्र मी वैतागले, मशीनवाल्याला शिव्या घातल्या, आणि वर बघते तर मशीनच्या पलीकडे हे उभे. चेहरा लालबुंद, मान ताठ. एक बोट सुईकडे. दोरा मघाशीच तुटला होता आणि मशीन सगळा वेळ कोटावर रिकामंच टाके मारत होतं.

त्यांनी हवा गिळली, आणि पुन्हा तेच केलं. ह्या वेळी मला कळलं.

‘दोरा.’

वन्सं, मी आधी दोरा ओवला. खरंच सांगते. सुईचं भोक सापडत नव्हतं, पण मी वर बघितलंच नाही, कारण माझं तोंड बघण्यासारखं नव्हतं. ओवून झाल्यावर बघितलं. तेही रडत होते.

मग तो फळा आणला आणि बऱ्याच दिवसांचं लिहून काढलं. पुसायचं, लिहायचं, पुसायचं, लिहायचं. दुपारी स्टँडवर जातो म्हणून जायचे ते स्टँडवर नव्हेच, त्या शिकवणाऱ्या बाईंकडे. ते सगळं ऐकल्याच्या दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या पायांनी गेले होते. जमेपर्यंत घरात आवाज काढायचा नाही, लिहून सांगायचं नाही, असं ठरवलं होतं. फजिती झाली तर ती बाईंच्या समोर, माझ्या समोर नको.

मी विचारलं, पण मग तो आवाज नको होता ना? बेडूक म्हणत होतात ना? त्यावर त्यांनी जे लिहिलं ते तुम्हाला जसंच्या तसं सांगते.

‘मला माझा स्टँडवरचा आवाज आठवत होता. फोटोतला ऐकला तर तो तेव्हाच गेलेला होता. फाटलेला. तेव्हाही बेडूकच. आणि तू प्रत्येक वेळी हसत होतीस.’

वन्सं, मला ते फाटलेपण ऐकूच आलं नव्हतं. एवढे सगळे ऐकले, पण मला ते आवाज म्हणून ऐकूच आले नाहीत, हे बोलताहेत एवढंच ऐकू आलं. तुमच्या मैत्रिणीने एकदाच ऐकून ओळखलं ते मला इतक्या दिवसांत कळलं नाही. बरं झालं नाही कळलं.

नवा आवाज चांगला नाहीये, उगाच खोटं कशाला सांगू? भांडं घासल्यासारखा आहे. बाई म्हणतात, सुधारेल, वेळ लागेल. सध्या एकच शब्द नीट येतो. पण तो आल्यापासून घरात थांबायला तयार नाही. पाणी हवं असलं तरी तोच, दारावर कोणी आलं तरी तोच, मी आतल्या खोलीत गेले की लगेच तोच. आताही बाहेरून हाक मारताहेत. दोरा कुठेही तुटलेला नाही.

जाते, बघते काय म्हणताहेत.

तुमची,
वहिनी